शेरा : घर बंद

४ नोव्हेंबर

आले एकदाची! स्वतःच्या घरात, स्वतःच्या किल्लीनं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे हातभर अंगण, लोखंडी फाटक आणि दाराशी फक्त दोन पायऱ्या. घर बघायला आले तेव्हा आधी पायऱ्याच मोजल्या होत्या. माझ्या गुडघ्यांनी पसंत केलेलं घर आहे हे.

धाकटा भाऊ सामान लावून गेला. जाताना तोंड एवढंसं करून म्हणाला की ताई, अजून वेळ गेलेली नाही, आमच्याकडे चल. भावजयीनं माझ्यासाठी खोली रंगवूनसुद्धा घेतलीय म्हणे. मी म्हटलं, एकतीस वर्षं दारोदार फिरून लोकांचे मीटर वाचले, आता एका मीटरवर माझं नाव लागलंय, ते रोज उठून बघणार आहे. बिचारा रिकामी खोकी उचलून निघाला. माझ्यापुढे त्याचं कधी चाललंय?

ही रोजनिशी ऑफिसच्या जुन्या रीडिंगबुकात लिहितेय. निवृत्त होताना कपाट आवरलं, त्यात अर्धं कोरं निघालं. टाकवेना. पानांवर रकाने छापलेले आहेत, मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, शेरा. मी रकान्यांवरूनच लिहिणार. सुरुवातीची भरलेली पानं मात्र उघडायची नाहीत.

आणि मुख्य म्हणजे घराबरोबर खेळणं मिळालंय! स्वयंपाकघराच्या भिंतीवर मॉनिटर आहे, वहीएवढा पडदा. वीज किती, गॅस किती, कुठल्या मिनिटाला किती, सगळं उभ्या रेघांनी दाखवतो आणि महिनाभराचं लक्षात ठेवतो. असा मॉनिटर मी यापूर्वी एकदाच पाहिला होता, दुसऱ्याच्या घरात. ते असो.

६ नोव्हेंबर

दोन दिवस मॉनिटरशी खेळण्यातच गेले. एकेक वस्तू लावायची आणि रेघ बघायची. फ्रिज दर पंचवीस मिनिटांनी कण्हत उठतो, नव्वद वॅट खातो आणि परत झोपतो, आमच्या जुन्या साहेबांसारखा. इस्त्री हजारावर जाते. मिक्सरची रेघ बारीक नि चिडकी. प्रत्येक वस्तूची चाल वेगळी असते, नाव न वाचता ओळखता येते. ऑफिसात मला ‘आकडेबाई’ म्हणत ते उगाच नव्हे.

म्हणूनच एक गोष्ट खटकली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक रेघ सरळ अठराशे वॅटवर चढते, तीन मिनिटं थांबते आणि सरळ उतरते. पुन्हा अकराला. पुन्हा चारला. डोळे मिटून सांगते, ही इलेक्ट्रिक किटली आहे.

माझ्याकडे किटली नाही. मी चहा गॅसवर करते, सकाळी आठला, एकदाच.

गॅसचंही तेच. दुपारी साडेबाराला वीस मिनिटं शेगडी पेटलेली दाखवतो, आणि त्या वेळी दोन्ही दिवस मी बाजारात होते.

७ नोव्हेंबर

घाबरायला मी काही काल जन्मलेली नाही. पहिला संशय आकड्याचा. कुणीतरी माझ्या वायरीत वायर अडकवून फुकट चहा पितंय. असे चोर मी डझनावारी पकडलेत, एकदा तर पिठाच्या गिरणीतून मालकाला पिठासकट बाहेर काढला होता. सकाळी घराभोवती तीन फेऱ्या मारल्या, भिंती ठोकल्या, पाइपावर कान लावून बसले. काही नाही.

शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून बघत होत्या. त्यांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या की घर वर्षभर रिकामंच होतं, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही, मी दुपारी थोडं झोपत जावं. बाई चांगली आहे, पण मला झोपायला सांगणाऱ्या माणसांचा मला राग येतो.

८ नोव्हेंबर

वायरमन बोलावला. मुरलेला माणूस, मिशीवाला. त्यानं सगळी जोडणी उघडून बघितली आणि काहीच दोष नाही म्हणाला. मी त्याला चारपर्यंत थांबवून घेतलं. चारला पाच मिनिटं कमी असताना मेन स्विच बंद केला. फ्रिज गप्प, पंखा गप्प. मॉनिटर तेवढा आतल्या बॅटरीवर चालू.

चार वाजले. रेघ अठराशेवर चढली. घरात विजेचा थेंब नसताना तीन मिनिटं तिथे उभी राहिली आणि उतरली.

वायरमननं पक्कड पिशवीत टाकली. चहासुद्धा नको म्हणाला. दारातून मागे वळून एवढंच म्हणाला की ताई, आठवडाभर तरी भावाकडे जाऊन राहा.

का म्हणून? मी जाणार नाही. संध्याकाळी भिंतीसमोर उभी राहून मोठ्यानं सांगितलं : चहा प्यायचा तर पी, पण घर माझं आहे. कर काय करायचं ते.

९ नोव्हेंबर

माघार घेतली त्यानं! दुपारी गॅसची रेघ आलीच नाही. आणि किटली दोनदाच, सकाळी सातला आणि अकराला. चारचा चहा रद्द. एक दम भरला तर एवढी तारांबळ. मी शिरा करून खाल्ला.

१० नोव्हेंबर

आज इस्त्री लावली. तापली, दोन साड्या झाल्या, पण मॉनिटरवर रेघ नाही. मिक्सर फिरवला, रेघ नाही. गॅस पेटवला, शून्य. फ्रिजचीसुद्धा रेघ दिसेना. पडद्यावर दिवसभरात दोनच रेघा, सात वाजून दहाची आणि अकराची. म्हणजे या मॉनिटरच्या लेखी घरात ते राहतं, मी नाही.

नेमका तेव्हाच भावाचा फोन आला. माझा आवाज ऐकून काय झालं विचारू लागला, मग उद्या गाडी घेऊन येतो म्हणाला. माझं डोकं आधीच तापलेलं. वाट्टेल ते बोलले. महिनाभर फोन करू नकोस, येऊ नकोस, आलास तर दार उघडणार नाही, मेली की जिवंत याची चौकशीसुद्धा नको, असं सगळं. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. त्यानं माझं काय वाकडं केलं होतं? पण परत लावला नाही.

११ नोव्हेंबर

माझ्या वस्तूंनी काम सोडलं. इस्त्री थंड, दिवा लागत नाही, शेगडीत गॅस येत नाही, दारावरची घंटी मुकी. रस्त्यावरचे दिवे मात्र लख्ख. फोन चार्ज होईना, दुपारी बंद पडला. शिंपीणबाईंकडे चार्ज करायला गेले तर दाराला कुलूप, आणि त्यांच्यापलीकडे घरच नाही. पंधरा दिवस लेकीकडे जाणार आहेत असं परवा म्हणाल्याच होत्या, तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

किटली आज एकदाच. अकराला.

चालत गेले तर बसथांबा वीस मिनिटांवर आहे. पिशवी भरली, फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. माझ्या घरातून मला एक रेघ हाकलणार? वाटाणे भिजवून खाईन, पण हलणार नाही.

१२ नोव्हेंबर

रेघांचा हा उतार मी पाहिलाय. पहिले पाच दिवस तीन चहा आणि दुपारची शेगडी. मग शेगडी बंद, दोन चहा. मग एक.

भरलेली पानं उघडली. लिहूनच टाकते.

माझ्या हद्दीत, टेकाडावरच्या एका घरात, घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा एकटे राहायचे. बेचाळीस पायऱ्या. मीटर वाचायला मिनिट लागायचं आणि त्यांच्या हातचा चहा प्यायला दहा मिनिटं, घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. मग माझा डावा गुडघा गेला. वर्षभर दर दहा पायऱ्यांना थांबत चढले. नंतर एका महिन्यात खालूनच वर बघितलं, दार लावलेलं दिसलं. पुस्तकात आकडा अंदाजे टाकला आणि शेऱ्यात लिहिलं, ‘घर बंद’. पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

शेवटी घरमालकानं दार फोडलं. शेवटचं रीडिंग घ्यायला मलाच पाठवलं. त्यांच्या भिंतीवर असाच मॉनिटर होता. त्यांचे शेवटचे एकोणीस दिवस त्यात दिसत होते. तापानं खाटेला खिळले होते, किटली उशाशी होती, हाताला येईल तेवढा चहा करून घेत होते. अकराव्या दिवसावर मी बोट ठेवलं. ती माझ्या तिसऱ्या, शेवटच्या फेरीची तारीख होती. त्या दिवशी अकराला एक चहा झालेला होता. म्हणजे मी खाली उभी राहून ‘घर बंद’ लिहीत होते तेव्हा वर किटली तापत होती.

मी कुणाला सांगितलं नाही. पडदा पुसला आणि जिना उतरले.

या घरात आज माझा नववा दिवस.

१३ नोव्हेंबर

ठरवलं. पळायचं नाही. तेव्हा वर गेले नाही ना, आता एकोणिसाव्या दिवसापर्यंत इथेच बसून एकेक रेघ खरी वाचीन, खरी लिहीन. अंदाजे काही नाही. आजोबा, तुमचं रीडिंग आता कुणी चुकवणार नाही.

सुरुवात मीटरपासून करायची म्हणून स्टूल घेतलं. मीटर स्वयंपाकघरात, मागच्या दाराच्या वर, उंच. आकडा वाचलासुद्धा, ००४१२. उतरताना डावा गुडघा फिरला.

मांडीचं हाड असावं. पाय उचलत नाही. फरशीवर पडून लिहितेय. पाण्याची कळशी हाताशी आहे. पेन्सिल आहे. मॉनिटर इथून दिसतो.

१४ नोव्हेंबर

आज फाटक वाजलं!

स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीची खिडकी दिसते, खिडकीतून फाटक. खाकी टोपी, हातात यंत्र, कानात काहीतरी घातलेलं. मीटर वाचणारी पोरगी. माझ्याच जातीची, आमच्या धंद्यातली! तिनं घंटी दाबली. मुकी घंटी. मी ओरडले. आमटीच्या डावानं ताट बडवलं. तिनं दाराकडे बघितलं, मग दोन पायऱ्यांकडे. चढली नाही.

बरोबर अकरा. भिंतीवर किटलीची रेघ चढत होती.

तिनं यंत्रात बोट फिरवलं. काय लिहिलं ते मला इथून वाचता आलं. डोळ्यांची गरज नव्हती.

रागावू कुणावर? रागावले. तिच्यावर, स्वतःवर. ताट बडवत राहिले. उगाच.

१६ नोव्हेंबर

रेघ एक. अकरा वाजता. १८००.

कळशी अर्धी. दारापर्यंत सरकायला बघितलं, शुद्ध गेली. पुन्हा बघितलं. पुन्हा —

भाऊ यायचा नाही. मीच सांगितलंय. माझं ऐकणारा एकच माणूस तो —

१८ नोव्हेंबर

रेघ एक. आज खालपर्यंत आली नाही, मध्येच तुटली. शेवटचा चहा.

अकराला वाफेचा वास आला. खरंच आला. तोंडाजवळ. आजोबा, मला नको, तुम्ही घ्या —

२० नोव्हेंबर

९ वॅट. फक्त दिवा. त्यांच्या उशाशी होता तो.

पाणी संपलं. लिहिणं थांबवणार नाही. वाचून लिहितेय, अंदाजे नाही. ऐकताय ना —

२२ नोव्हेंबर

एकोणिसावा. ९ वॅट. लुकलुकतो.

दिवसाउजेडी बाहेर पावलं. फाटक वाजलं नाही. पायऱ्या चढतंय कुणीतरी. दाराशी दोनच आहेत, पण — सात, आठ, नऊ, दहा. थांबलं.

दहाला थांबलं.

वीस. थांबलं. डावा पाय आधी टेकतो, मग उजवा. हे कण्हणं मी ओळखते. माझा गुडघा आहे तो.

म्हणजे आलीस. आता आलीस!

तीस. थांबली. परत फिरू नकोस. आकडेबाई, खबरदार खालून लिहून गेलीस तर. दुखू दे. चढ.

६ वॅट.

शेरा मीच लिहिते, रकान्यात, नीट — घर उघडं आहे. आत माणूस आहे. आत —

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस, थांबू नकोस, थांबू नकोस ग, दोनच —

एक्केचाळीस

पुस्तक उघडल्याचा आवाज. नाही. पेन्सिल खाली ठेव. एकच राहिलीय, एकच पायरी, दार ढकल, मी इथे