वन्संची किडनी आणि माझा ताप

४ मार्च, मंगळवार

पुन्हा ताप. पुन्हा तीच खाट, खिडकीतून तेच पार्किंग. नणंदेची किडनी बसवून चार महिने झाले. एका घरात आम्हा दोघींचं आठवडाभर कधी पटलं नाही — त्यांची किडनी माझ्यात इतकी टिकली हेच नवल. छोटा डॉक्टर म्हणाला, "शरीर किडनी नाकारत असेल." म्हटलं, माझं शरीर इतकं उद्धट नाही, तोंड तेवढं आहे. तो हसला नाही.

५ मार्च

वन्सं आल्या. दारातूनच — "माझी किडनी कशी आहे?" मी कशी आहे ते नंतर. "पाणी पितेस का? मी कधी पाण्याचा कंटाळा केला नव्हता हो." सगळ्या वॉर्डाला कळलं की मी पाणी पीत नाही. जाताना पायावरचं पांघरूण नीट केलं. वर "किती सुकलेत पाय" हेही म्हणाल्या. नुसतं पांघरूण घातलं असतं तर चाललं असतं.

६ मार्च

ताप १०३. धाप लागते. छोट्या डॉक्टरला स्टेरॉइड वाढवायचं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी अडवलं. "आत एखादा जंतू असेल तर त्याला मोकळं रान मिळेल. आधी शोधू."

मग मला समजावलं. नेहमीच्या तपासणीत बघतात, शरीरानं जंतूशी लढायची काय तयारी केलीय. माझं शरीर लढतच नाही, कारण किडनी टिकावी म्हणून डॉक्टरांनीच गोळ्या देऊन माझी प्रतिकारशक्ती झोपवलीय. म्हणून रक्तात थेट जंतूचाच डीएनए शोधायचा. मॉलिक्युलर टेस्ट.

थोडक्यात — राखणदाराला अफू पाजल्यावर चोर कोण हे त्याला विचारून उपयोग नाही. चोराचेच ठसे शोधा.

७ मार्च

लिहवत नाही. हे खुर्चीत बसून घोरतायत. मला भीती वाटतेय. कुणाला सांगितलं नाही.

८ मार्च, शनिवार

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात परजीवी सापडला."

म्हटलं, हे तर आत्ता चहा प्यायला गेलेत, इतक्यात कुठे सापडले?

बाई पहिल्यांदाच हसल्या.

नाव टॉक्सोप्लाझ्मा. मांजराच्या विष्ठेतून, मातीतून, कच्च्या मांसातून येतो. धडधाकट माणसात जन्मभर निमूट पडून राहतो, माझ्यासारखीत उच्छाद मांडतो. किडनी निर्दोष! औषध आजच सुरू. स्टेरॉइड वाढवलं असतं तर? विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही ना वाढवलं." छोटा डॉक्टर दिवसभर फिरकला नाही.

१२ मार्च

ताप उतरला. तोंडाला चव आली, त्यामुळे इथल्या जेवणाबद्दलचं मत पक्कं झालं.

दुपारी डॉक्टरीणबाई बसल्या जरा. ऑपरेशनआधीचं माझं रक्त राखून ठेवलेलं होतं, ते तपासलं. त्यात ह्या जंतूची खूणही नाही. "किडनीबरोबर आला. तुमच्या नणंदेला काही त्रास नाही, औषधही लागणार नाही."

वन्संची दोन मांजरं आहेत. माझ्यापेक्षा लाडकी.

इतका नामी मुद्दा तीस वर्षांत हाती लागला नव्हता. दुपारभर वाक्यं जुळवली. "वन्सं, खोली दिलीत ती दिलीत, भाडेकरूही आत ठेवलात?" हे सर्वांत झकास होतं.

संध्याकाळी त्या आल्या. लिफ्ट बंद, जिना चढून. एक हात कुशीवर, टाक्यांच्या जागी. स्टुलावर बसल्या, माझ्या पायावरचं पांघरूण दोनदा नीट केलं. मग — "कुठून आलं गं हे?"

"माझंच होतं," मी म्हटलं. "लहानपणी माती खायचे ना."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तरीच. तुझ्या सवयी पहिल्यापासून घाण."

गिळलं. भाडेकरूचं वाक्य फुकट गेलं.

१५ मार्च

घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या नणंदेचंही रक्त तपासलं होतं. बुधवारी सकाळीच त्यांना कळवलं. त्या म्हणाल्या — तिला तुम्हीच सांगा, माझ्यानं नाही व्हायचं. संध्याकाळी जाऊन बसते तिच्यासमोर, तिला काय बोलायचं ते बोलू दे मला."