खालच्या फांद्यांना हात लावायचा नाही

हॉलिस,

करवत शोधत बसू नकोस. ती माझ्या गाडीत आहे, आणि मी आपल्या डेल्फीनकडे चालले आहे. भेंडी तळून ठेवलीय, गरम करून खा.

गवत कापायचं यंत्र खालून जात नाही म्हणून मॅग्नोलियाच्या खालच्या फांद्या छाटायला निघालास? अख्खा जन्म मिसिसिपीत, या झाडांच्याच मुलखात काढलास ना? रोपवाला बुटकी जात घ्या म्हणत होता, तेव्हा मोठंच झाड हवं म्हणून तूच अडून बसलास. हे झाड बारा महिने पानं गाळतं, आणि जमिनीला टेकलेल्या फांद्याच तो पसारा झाकतात. शेजारच्या क्लीटसने त्याच्या झाडाच्या तोडल्या. आता रोज सकाळी अंगणभर पानं गोळा करत फिरतो.

डेल्फीनने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून तू तिचं नाव टाकलंस, तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

रविवारी तिला आणि नातीला घेऊन येतेय. पोरगी रांगायला लागलीय. डेल्फीन लहानपणी लपायची तशीच तीही त्या फांद्यांखाली शिरेल, आणि तिला बाहेर काढायला तुलाच वाकावं लागेल.

लर्लीन