न्हाणीच्या भिंतीला मूग

मेडशी, शनिवार

चि. रीता, ताईचे आशीर्वाद.

"राख एकच, पन रीतानं घासलेला गुंड चमकते," असं आई म्हणाली होती. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, मी तेराची. आता मी सेहेचाळीसची आहे आणि माझा पाण्याचा गुंड अजून तसाच काळपट आहे. (तुझी कंबर कशी आहे? करणरावांचा खोकला? आईचे गुडघे?)

तुमच्या रिठदच्या गोठ्याच्या भिंतीचा फोटो पाहिला. वाळू मिळेना म्हणून तू तुराट्यांची राख चाळलीस, दर दहा घमेली वाळूतलं एक घमेलं काढून तेवढी राख घातलीस, भिंत टणक झाली, कॉलेजची मुलं बघायला आली, आणि फोटोत आई त्या भिंतीला टेकून हसते आहे. छान आहे. मला तीन दिवस जेवण गेलं नाही, ते उन्हामुळे.

मग मीही न्हाणी बांधायला काढली. तू दहात एक घातलीस, म्हणून मी दहात पाच घालायला सांगितलं. धरमसिंग मिस्त्री म्हणाला, "बाई, भित बांधाची हाय का भांडे घासाचे हाय?" मी म्हटलं, "माह्या बहिणीले जमलं, मले काहून नाही जमणार?" तर म्हणतो, "मंग बहिणीलेच बलावून घ्या." (तेवढं सोडून काहीही करीन म्हटलं.)

दुपारपर्यंत चुलीची राख संपली. तेव्हा माझी नजर त्या मडक्यावर गेली, ज्यात बियाण्याच्या मुगाला कीड लागू नये म्हणून आपण राख मिसळून ठेवतो. वरवरचे मूग काढले आणि उरलेलं सगळं घमेल्यात ओतलं. चाळणी? मी घाईत होते गं.

भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. पाचव्या दिवशी विटांच्या सांध्यांतून मूग उगवले. शेजारची सोजरबाई रोज डोकावते, "शेंगा तोडाले कधी येऊ?" तुझे भाऊजी शेळी तिकडे नेऊन बांधतात. काल शेळीने एक रोप ओढलं, ते विटेसकट आलं.

या न्हाणीला पायरी ठेवलेली नाही. धरायला दांडी लावणार आहे. कोणासाठी, ते तुला कळलं असेल.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन तूच उचलतेस, आणि माझं बोलणंही राखेसारखं चाळूनच आईपर्यंत पोचवतेस.

तुझी,
निताताई

ता. क. सोमवारी भिंत पाडून पुन्हा बांधायची आहे, तुझ्याच मापाने. राख किती बारीक चाळायची, ते कळव. (सोजरबाईला सांगू नकोस.)

आणखी ता. क. माप धरमसिंगलाही ठाऊक आहे. आई सहा वर्षं तुझ्याकडे आहे, एक महिना माझ्याकडे पाठव. नाही म्हणशील, ठाऊक आहे. मग निदान हे पत्र तिला वाचून दाखव, न चाळता.