धाकटीच्या हातची शिवण

धाकटे,

हे पत्र काही मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. माझा तुझ्यावरचा संशय आत्तापर्यंत पुरता गेला नव्हता.

मोतीबिंदू काढल्यापासून लख्ख दिसतं. दवाखान्याच्या फॉर्मवर विचारलंय, 'ऑपरेशनमुळे रोजच्या जगण्यात काय फरक पडला?' काय लिहू, कपाळ? धड दिसत नव्हतं तेव्हाही मी लोकांचे कपडे शिवायचे, आणि दुपारी माझा डोळा लागला की तू माझी शिवणाची गाठोडी सोडायचीस. कापड ढापतेस, असं मी चारचौघांत म्हटलं आणि तू घर सोडलंस.

परवा एक जुनं गिऱ्हाईक झगा सैल करायला घेऊन आलं. आतून बघते तर माझी शिवण उसवून पुन्हा घातलेली! इतके बारीक टाके तुझ्याशिवाय कुणाचे असणार? आणखी चौघींचे कपडे मागवून पाहिले. सगळीकडे तेच. म्हटलं, आंधळी म्हणून मनातल्या मनात हसली असशील मला.

मग तुझी मागे राहिलेली पेटी उघडली. मी तुला शिवून दिलेला गाऊन त्यात होता. शिवण इतकी वेडीवाकडी, की मलाच लाज वाटली. तेवढी मात्र तू उसवली नव्हतीस. कोपरं विरेपर्यंत तसाच घातलास.

तुझी,
थोरली जाऊ