साहेबांची डावी बाजू

१४ सप्टें.
लातूरला जाऊन आलो. डोळ्यांचा डॉक्टर आमच्या महेशच्या वयाचा. साहेबांना यंत्रात डोकं घालायला लावलं, दिवा दिसला की बटण दाबा म्हणाला. समोरचं सगळं दिसलं. डाव्या बाजूला दिवे लागले नि विझले, हे ढिम्म. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलाय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची. "काका, गाडी आता बंद."

परत येताना गाडी साहेबांनीच चालवली. अहमदपूर मागं पडलं. मग, "महेशला सांगायचं नाही. डावीकडचं तू बघत जा. इतकं तर जमंल?"

मंडळ अधिकारी म्हणून रिटायर होऊन जमाना झाला, तरी कंधार अजून यांना साहेब म्हणतं. मीही म्हणते. टोमणा आहे हे त्यांना आजवर कळलेलं नाही.

१९ सप्टें.
नांदेडला बाजाराला. रस्ताभर माझं सुरू. डावीकडं सायकल. डावीकडं म्हैस. डावीकडनं रिक्षा घुसतेय. चौथीचा वर्ग इतकी वर्षं सांभाळला, तेव्हाही इतकी ओरडले नसेन. लोह्यात चहाला थांबलो तर हे टपरीवाल्याला सांगतात, "बायकोला कधी गाडीत बसवू नको बाबा. डोकं खाते." तो हसला. मीही हसले. का हसले कुणास ठाऊक.

घरी डाव्या हाताशी ठेवलेला तांब्या रोज सांडतो. इथं कुणी ठेवला, म्हणून बोलणी मला.

२७ सप्टें.
महेशचा पुण्याहून फोन. स्पीकरवर. साहेबांनी माझी तक्रार केली. लेक म्हणतो, "आई, तू गाडीत गप्प बसत जा ना. बाबांचं लक्ष जातं. असेच अपघात होतात."
सांगणार होते. साहेब समोर बसून माझ्याकडं बघत होते. "बरं," मी म्हणाले.
गप्प म्हणजे गप्प. बघू आता.

३० सप्टें.
लोह्याच्या अलीकडं गाडीखाली शेळी गेली. मला ती आधीच दिसली होती. तोंड उघडलं नाही.

म्हातारी पळत आली. शेळीजवळ खाली बसली. "साहेब, गाभण होती वो." साहेब काच खाली करून म्हणाले, "सांभाळता येत न्हाई तर पाळता कशाला?" आणि गिअर टाकला.

पुढं गेल्यावर मला, "बोलली का न्हाईस?"
"महेशनं गप्प बसायला सांगितलंय."

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शेळीचं वाईट वाटलं. त्या तोंडानं बरंही वाटलं. इथं खोटं कशाला लिहू.

५ ऑक्टो.
अन्वरभाई.
नंतर लिहीन.

६ ऑक्टो.
शेळीनंतर मी पुन्हा सांगायला लागले होते. पण काल सकाळी भाजी खारट झाली म्हणून साहेबांनी ताट ढकललं. कामवालीसमोर. मी तशीच गाडीत बसले, तोंड फुगवून.

स्टँडजवळ डावीकडं वळायचं होतं. त्या बाजूनं अन्वरभाई स्कूटरवर, हळू, आपल्या कडेनं. अन्वरभाई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान आहे ते. महेशचा पहिला शाळेचा ड्रेस त्यांनीच शिवला. मी त्यांना बघितलं. मनात म्हटलं, जरा थांबू, जरा घाबरू दे यांना, मग सांगते.

सांगायचं राहूनच गेलं.

गाडी लागून अन्वरभाईंचं उजवं मनगट मोडलं. साहेब खाली उतरून त्यांनाच झापत होते, "अन्वर, या वयात स्कूटर चालवतात का? दिसतं तरी का तुला नीट?" माणसं जमली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबर आहे म्हणे, म्हाताऱ्या माणसानं कशाला गाडी घ्यावी.

८ ऑक्टो.
अन्वरभाईंना भेटून आले. हाताला प्लास्टर. दिवाळीची शिलाई टेबलावर तशीच पडलेली.
"भाभी, गलती माझीच असंल. साहेब तर लई जुने ड्रायव्हर हायेत. मलाच आता दिसत नसंल."
मुलानं त्यांची स्कूटर विकायला काढलीय. तेही हो म्हणाले. आता दुकानापर्यंत चालत जाईन म्हणे, तब्येतीला चांगलं.

चहा घेतला नि आले.

साहेबांनी कामवालीबरोबर सफरचंदं पाठवली. "माणूस चांगला. पण म्हातारा झाला," म्हणाले. हे अन्वरभाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठे.

१८ ऑक्टो.
महेश, सूनबाई, ओवी आले. घर भरलं. ओवी पहिलीत गेली, पुढचे दोन दात पडलेत.

साहेबांनी जाहीर केलं, उद्या ओवी नि ते नांदेडला. फटाके आणि फ्रॉक. "आजीला न्यायचं न्हाई. ती ओरडते." ओवी म्हणाली, मी आबांशेजारी बसणार.
शेजारी म्हणजे डावीकडं.

जेवताना सगळं सांगून टाकलं. लातूरचा डॉक्टर, शेळी, अन्वरभाई. फक्त मी का गप्प बसले ते सोडून. सूनबाईचा घास हातातच राहिला. साहेबांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं बसल्या जागेवरून घडाघडा वाचली, चष्म्याशिवाय. "पुढची संकष्टी सांगू का अजून?" महेश हसला. सूनबाईही हसली. समोरचं त्यांना दिसतंच. डॉक्टरनं तेच तर सांगितलं होतं.

मागच्या अंगणात महेश हळूच म्हणाला, "आई, तुला बाबांचा इतका राग आहे?"
आहे. पण त्याचा इथं काय संबंध.
दिवाळी होऊ दे, मग डॉक्टरांना फोन करतो म्हणाला.

१९ ऑक्टो.
सकाळी किल्ली मी उचलली.

साहेब बूट घालून खुर्चीत बसलेले, समोर महेश, दारात ओवी नवीन चप्पल घालून. "तुझ्या आईनं किल्ली कुठं ठेवली? हाय कुठं ती?"

मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. हातभर अंतरावर. किल्ली त्यांच्या कानाजवळ धरून.

महेशनं माझ्याकडं बघितलं. मग बापाकडं. साहेब त्याच्याकडंच बघून राहिले होते. "स्वयंपाकघरात बघ. मुद्दाम करून राहिली ती."
ओवीला तो खेळ वाटला. "आबा, आजी तिथंच आहे की!"
"कुठं गं?" म्हणून साहेबांनी मान वळवली. उजवीकडं.

ओवी पोट धरून हसायला लागली. बाकी कुणी हसलं नाही. मग साहेबांनी मान सावकाश इकडं फिरवली नि मी दिसले. किल्ली मागायला हातही पुढं केला नाही. संसारात पहिल्यांदा हे माझ्यापुढं असे बसले होते. मला आनंद झाला. लाजही वाटली, पण आनंद आधी झाला.

दुपारी महेशनं दार लावून सांगितलं. गाडी पुढच्या महिन्यात गुपचूप विकू. बाबा पुन्हा चालवणार नाहीत, तो बघून घेईल. आणि, "अन्वरचाचांना काही बोलू नकोस आई. झालं ते झालं. बाबांची इज्जत जाईल."

साहेब आत भिंतीकडं तोंड करून पडलेत. जेवले नाहीत.

मी साडी बदलून बसलेय. अन्वरभाई दुपारी चालत दुकानावर येतात, नुसते बसायला. शटर आत्ताच वर गेलं. एका हातानं उघडतात, म्हणून वेळ लागतो. त्यांना अजूनही वाटतंय की आपल्यालाच दिसत नाही. जाऊन सांगायचं, तर नुसतं साहेबांचं सांगून भागणार नाही. मला ते दिसले होते, हेही सांगावं लागेल.