रेमंडसाहेबांपुढचा खड्डा

अल नहदा, शारजा
१२ जानेवारी २०२५

ती. सोमनाथमामांस,
सा. न. वि. वि.

पत्राला चार महिने लावले, कबूल. आधी पेन नव्हतं. मग मिळालं, ते उम्म अल कुवैनच्या बसमध्ये राहिलं. (तिथे फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. फ्लेमिंगो आले नव्हते.) निघताना पाया न पडता गेलेल्याशी फोनवर बोलणार नाही, पत्र लिही, असं तुम्ही म्हणालात. म्हणून इथूनच पडतो.

नोकरी लागली! तिसरी आहे, पण ही टिकवायचीय. पाडून टाकलेल्या जागा कॉम्प्युटरमध्ये पुन्हा उभ्या करायच्या. डोळ्यांवर डब्यासारखा गॉगल चढवला की माणूस आत फिरतो. आणि पहिलंच काम अबुधाबीतलं बेसबॉल पार्क! तुम्ही बावीस वर्षं माळी होतात तेच. आता तिथे तीन टॉवर आहेत. मधल्याखाली शोरमा झकास मिळतो, चौदा दिरहम, म्हणजे सव्वातीनशे रुपये, म्हणून अर्धाच खाल्ला.

मुलाखतीत छातीठोक सांगून बसलो, ते मैदान माझ्या मामांनी वाढवलंय. लायबा मॅडम, म्हणजे आमच्या बॉस, म्हणाल्या, तो यल्ला (अरबीत 'चला'), पूछो मामासे. जुन्या फोटोंत नुसते हसरे दात आहेत, जमीन कुठेच नाही. १५ फेब्रुवारीला जुने खेळाडू बघायला येणार. त्यांना ओळखीचं वाटलं तर माझा व्हिसा पक्का, नाही तर खलास, मी आडिवऱ्यात परत. मी सवयीने गोल मैदान काढलं, तर मॅडमनी डोक्याला हात लावला.

मामींना नमस्कार, समिधाला एक टपली. राग असला तरी लोभात कपात नको.

आपला,
देवांश

आडिवरे
२० जानेवारी

चि. देवांश यास,
अ. आ. (प्रत्यक्ष पाया पडलास की उरलेले.)

समिधा या पत्राचा फोटो काढून धाडते आहे. तुझी बहीण तुझ्यापेक्षा कामाची आहे.

मैदान गोल नसतं, गाढवा. भाकरीचा चतकोर घे. टोकाला बॅटवाला, तिथपासून तांबड्या मातीचा चौकोन, त्याच्या चारी कोपऱ्यांना उशा (ते लोक बेस म्हणतात), पलीकडे हिरवळ. डाव्या कुंपणाला मी कढीपत्ता लावला होता. धावफलकाचा नऊचा पत्रा हरवलेला, म्हणून सहा उलटा टांगायचो.

आता सांगतो ते तुझ्या मामीलाही माहीत नाही. शुक्रवारी सकाळी, साहेबलोक यायच्या आत, आम्ही कोकणातले बाराजण तिथे क्रिकेट खेळायचो. दुसऱ्या नि तिसऱ्या उशीमधल्या तांबड्या मातीत. गार्ड घेताना सगळे एकाच जागी बॅट आपटायचे, खड्डा पडायचा. मी वरून माती सारून पाणी मारायचो. पण संध्याकाळी चेंडू तिथे पडला की बेडकासारखा उडायचा. आणि नेमका तिथे रेमंडसाहेब उभा असायचा. भला माणूस. एका फायनलला चेंडू त्याच्या खांद्यावरून उडाला, सामना गेला. सगळे हसले. पुढच्या वर्षी तो खेळायला आलाच नाही. मी गप्प राहिलो, नोकरीची भीती होती.

तिसऱ्या उशीपासून माझी अठरा पावलं. तो खड्डा तेवढा दाखवू नकोस.

नीट जेवत जा. पत्र आलं की राग अर्धा होतो, हे लक्षात ठेव.

तुझा,
सोमनाथमामा

अल नहदा
१७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

खड्डा दाखवला. आधी पुढचं वाचा, मग ओरडा.

नऊ म्हातारे आले. उलटा सहा बघून हसले. एकजण तर कढीपत्त्याचा वास घ्यायला वाकला, डब्यात! रेमंडसाहेबही होते, अमेरिकेहून मुद्दाम आलेले. आपल्या जागी जाऊन उभे राहिले. मी चेंडू सोडला. तो उडाला. त्यांनी डबा काढला, आमच्या ऑफिसच्या कार्पेटवर गुडघे टेकले, हात फिरवला आणि ओरडले, की तीस वर्षं मी सांगतोय, इथे काहीतरी होतं, बायकोनेसुद्धा मानलं नाही! उरलेल्या आठांनी त्यांची माफी मागितली. लायबा मॅडमनी दुसऱ्याच दिवशी व्हिसाचे कागद पुढे केले.

हे कुणी सांगितलं म्हणून रेमंडसाहेबांनी माझी पाठ सोडली नाही. मी तुमचं नाव सांगितलं नाही, शपथ. फक्त शुक्रवारचं क्रिकेट, तालुका, गाव आणि घरासमोर निळी टाकी आहे, एवढंच.

उद्या अजमानला लाकडी होड्या बांधतात त्या बघायला जातोय. माया असू द्यावी, थोडी जास्तच लागेल.

तुमचाच,
देवांश

आडिवरे
२६ फेब्रुवारी

देवांश,
या वेळी आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

समिधाने तुझं पत्र मोठ्याने वाचलं, मामी पडवीत होती. ती म्हणते, बावीस वर्षं मी इथे सांगत होते, माणूस उन्हात राबतोय, आणि तुम्ही शतकं मारत होतात? मी म्हटलं, माझा सर्वोच्च स्कोअर एकोणीस आहे. तेव्हापासून माझ्या चहात साखर नाही.

व्हिसा झाला, बरं झालं. मैदान पाडलं तेव्हा वाटलं होतं, खड्डाही गेला, सुटलो. पण त्या माणसाची तीस वर्षं मी खाल्ली. त्याला काय तोंड दाखवू? इंग्रजीत मला 'सॉरी सर, वॉटर फिनिश' याच्या पुढे येत नाही. निदान तो तिकडे आहे, मी इकडे, हे

अरे, टाकीपाशी रिक्षा थांबली आहे. उंच म्हातारा उतरतोय. रेमंडसाहेबच! हातात बॅट आहे, क्रिकेटची, कोरी. मारायला आणली की खेळायला, ते विचारायला समिधाला पुढे धाडलं आहे.