बाजीचा दुसरा नमुना

अहिल्यानगर,
२९ मे २०२५

ती. सौ. रंगुमामीस,
राजेश्वरीचा सा. न. वि. वि.

फोनवर मी हो-नाहीपलीकडे बोलत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. म्हणून दुधाच्या टेम्पोबरोबर हे पत्र पाठवते.

मंगळवारी तुमच्या गावच्या दवाखान्यात बाजीची तपासणी केली. वळू गावाचा असला तरी त्याला सांभाळतात रामहरीमामा, म्हणून निकाल आधी त्यांना कळावा. पाय, डोळे, दात उत्तम. अंडकोशाचा घेर चौतीस सेंटीमीटर, तोही उत्तम. पण सूक्ष्मदर्शकाखाली शंभरातले जेमतेम बावीस शुक्रजंतू नीट पुढे सरकताना दिसले आणि निम्म्याहून अधिक वेडेवाकडे होते. एप्रिलपासून दाखवलेल्या अकरा गायींपैकी नऊ उलटल्या, गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, त्याचं कारण हेच दिसतं. मी 'सध्या पैदाशीस अयोग्य' असं लिहून सही केली आहे, तो कागद सोबत आहे.

मला वाईट वाटलं, पण त्याने आकडा बदलत नाही. तपासणीनंतर मुद्दामच घरी आले नाही. भाचीने मामाच्या वळूची तपासणी केली आणि वर जेवून गेली, असं कुणी म्हणायला नको होतं.

मामांना नमस्कार. राग आला तर माझ्यावर काढावा, बाजीवर नको.

राजेश्वरी

काळेदरा, ता. पारनेर,
१ जून

चि. राजूस,
मामीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. घेराचं आलं तसे हे उठून पानी प्यायला गेले. त्या दिवशी तू टेप काढलास तवा गोरक्षनाथ, त्याचीबी गाय उलटलेली, म्हनला म्हनं, ताई, बैलाला चड्डी शिवतीया का! सगळी हसली. हे तेवढे भिताडाकडं तोंड करून हुते.

पर एक सांगते. तुझा कागद ह्यांनी सोता पारावर नेऊन वाचला. बजरंग सरपंच म्हनला, रामहरी, तुझीच भाची, दोन आकडे इकडंतिकडं केले असते तर? हे म्हनले, आमच्या घरची लेक खोटं लिहीत न्हाई. आन घरी येऊन दोन दिस धड जेवले न्हाईत. गावानं ठरवलंय, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपातुर वाट बघायची. तवर सुधारला न्हाई तर बाजीला खच्ची करून औताला जुंपायचं. वासरू हुता तवापासनं ह्यांनी त्याला वाढवलाय, तुला ठाव हाय.

जेवन टाळून गेलीस त्याचा मला लई राग हाय. पुरणपोळी केली हुती. बाजीचं नवं शेड तरी बघितलं असतंस! तू डॉक्टर झालीस तसं ह्यांच्या मनानं घेतलं, डॉक्टरीणबाईच्या घरचा वळू झाडाखाली ऱ्हातो व्हय? पाडव्याला चारी बाजूंनी पत्रा मारला. दुपारी आत हात लावू देत न्हाई असा तापतो.

माया हाय ती ऱ्हाऊ दे.

तुझी मामी

अहिल्यानगर,
३ जून

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीवरून उठले आणि तशीच उभी राहिले.

मामी, चूक माझी आहे. आकडे बरोबर होते, पण मी अर्धेच प्रश्न विचारले. वळू कुठे बांधतात हे घरी आले असते तर न विचारता दिसलं असतं. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात. म्हणून उन्हाचा मार बसतो एका महिन्यात आणि दिसतो पुढच्या महिन्यात. बाजी आजारी नसावा. तो भाजला असावा.

आजच त्याला शेडमधून काढून पूर्वीसारखा लिंबाखाली बांधा. दुपारी अंगावर ओलं पोतं, पाणी पाहिजे तितकं. एकही गाय दाखवू नका, कुणी कितीही गळ घातली तरी. तेरा ऑगस्टला मी पुन्हा नमुना घेईन. तो मी मोजणार नाही. माझी सहकारी दीना साळवे मोजेल आणि तिला फक्त क्रमांक दिसेल, कुणाचा वळू ते नाही. ती जे लिहील ते मला आणि मामांना मान्य करावं लागेल. सुधारेलच, असं मी लिहून देऊ शकत नाही.

मामांनी पारावर जे केलं, ते मी दोनदा वाचलं.

राजेश्वरी

काळेदरा,
१६ ऑगस्ट

चि. राजूस,
मामीचे आशीर्वाद, आन ह्यांचे येगळे.

दीनाबाईंचा कागद ग्रामसभेत ह्यांनीच वाचला. शंभरातले चौसष्ट पुढं जात्यात, अठ्ठ्याहत्तर सरळ हायेत, पैदाशीस योग्य. निम्म्यावर कागद सरपंचाच्या हाती दिला, मग त्यानं पुरा केला. गोरक्षनाथ उठला आन म्हनला, माझी गाय उद्याच्याला माजावर येतीया, पयला नंबर माझा. परवापातुर हाच खच्ची करा म्हनत हुता!

दोन महिने ह्यांनी रोज दुपारी पोतं भिजवलं. माझ्या पाठीला कधी कुनी गार पानी लावलं न्हाई, तेबी लिवते. पत्रे काढले, आता कडब्यावर टाकल्यात.

दीनाबाईंना घिऊन जेवायला ये. आता कुनी काय म्हनायचं न्हाई.

तुझी मामी

अहिल्यानगर,
२० नोव्हेंबर

ती. मामा आणि मामीस,
सा. न. वि. वि.

परवा गायींची तपासणी केली. ऑगस्ट-सप्टेंबरात बाजीला दाखवलेल्या आठांपैकी सहा गाभण आहेत. गोरक्षनाथांची पहिली. दीनाला पुरणपोळी आवडली. तिने चार खाल्ल्या, हा आकडाही मी मोजलेला नाही.

एक राहून गेलं होतं. पाचवीत शाळेसाठी मी तुमच्याकडे आले, त्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मला ताप भरला. मामांनी माझी खाट उचलून त्याच लिंबाखाली आणली आणि माझ्या अंगावर ओला पंचा टाकला. कुठलाही अहवाल न वाचता. बारावीपर्यंत दर उन्हाळ्यात मी तिथेच अभ्यास केला. बाजीला लिंबाखाली बांधा, असं मी तुम्हाला पत्रातून शिकवत होते, तेव्हा हे मला आठवलं नाही. आठवलं परवा, त्याच्याशेजारी उभी असताना.

त्याबद्दलचे आभार सोळा वर्षं उशिरा पोचत आहेत. काही गोष्टी दिसायला वेळ लागतो.

माया आहेच. ती माझ्याकडूनही आहे, हे आज लिहून ठेवते.

तुमची
राजू